शेणाच्या टाकीपासून जहाजाच्या टाकीपर्यंत

गोबरगॅसचा धडा शिकवताना आपण सहसा चुलीपाशी थांबतो. शेण, पाणी, जमिनीतली टाकी, तिच्यावर तरंगणारी लोखंडी टोपी, नळी आणि शेवटी निळी ज्योत, एवढी आकृती फळ्यावर काढून झाली की तास संपतो. एखादा चौकस विद्यार्थी विचारतोही, ‘सर, यावर मोटार चालेल का?’ आपण ‘चालेल’ म्हणतो. पण जहाज चालेल का, असे कोणी विचारलेले आमच्या ऐकिवात नाही. या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही आता ‘चालते’ असे झाले आहे. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील उल्सान बंदरातून एक मालवाहू जहाज निघाले आणि सुमारे साडेएकवीस हजार किलोमीटरचा प्रवास करून डेन्मार्कमधील कोपनहेगनला पोहोचले. त्याच्या या पहिल्या प्रवासाच्या इंधनाचा हिशोब कचरा-डेपोत कुजणाऱ्या कचऱ्यापासून सुरू होत होता. टाकीतल्या बुडबुड्यापासून या जहाजापर्यंतची वाट अडीचशे वर्षांची आहे, आणि ती आपल्या माटुंग्यावरूनही जाते.

या कथेचा आरंभ इटलीतील एका सरोवराच्या काठी होतो. विद्युतघटामुळे ज्याचे नाव आपण रोज ‘व्होल्ट’ या एककात घेतो, तो अलेस्सांद्रो व्होल्टा १७७६ च्या नोव्हेंबरात माज्जोरे सरोवराकाठी अंजेरा येथे होता. काठावरच्या उथळ पाण्यात त्याने काठीने गाळ ढवळला. बुडबुडे वर आले. ते त्याने पाण्याने भरलेल्या उपड्या भांड्यात धरले आणि ज्योत जवळ नेली. वायू निळसर ज्योतीने जळला. दलदलीतून जळणारी हवा निघते हे त्याच्या आधीही लोकांना ठाऊक होते. बेंजामिन फ्रँकलिनने अमेरिकेतील अशा पाण्याविषयी लिहिले होते, आणि कार्लो कांपी या व्होल्टाच्या पाद्री मित्राने इटलीतच असा एक झरा पाहिला होता. व्होल्टाचे वेगळेपण असे की तो नवल करून थांबला नाही. जिथे जिथे वनस्पती चिखलात कुजतात, तिथे तिथे हा वायू सापडतो, हे त्याने फिरून फिरून तपासले आणि त्याचा संबंध कुजण्याशी जोडला. पुढे त्याने एक गमतीचे पिस्तूल बनवले. त्यात ज्वालाग्राही वायू व हवा भरून विजेची ठिणगी पाडली की बूच जोराने उडे. बंद जागा, वायू-हवेचे मिश्रण, ठिणगी आणि ढकलले जाणारे बूच! इंजिनातील सिलिंडर आणि दट्ट्या शिकवण्यापूर्वी या पिस्तुलाची गोष्ट अवश्य सांगावी.

वायू कशाचा बनला आहे हे कळायला जॉन डाल्टनसारख्यांचे काम व्हावे लागले, आणि तो नेमका कोण बनवतो हे कळायला आणखी पुष्कळ वर्षे गेली. हे काम करणारे सूक्ष्मजीव प्राणवायूचा स्पर्शही सहन न करणारे आहेत. पाठ्यपुस्तकांत त्यांना बराच काळ ‘जिवाणू’ म्हटले जाई. पण १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिले की मिथेन बनवणारी ही मंडळी जिवाणूंहून मुळातच निराळी आहेत. आज आपण त्यांना ‘आर्किया’ म्हणतो. गोबरगॅसच्या टाकीत जीवसृष्टीची एक वेगळीच शाखा नांदते, हे विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांचा शेणाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलतो, असा आमचा अनुभव आहे.

माटुंग्याचा दिवा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरांपुढे सांडपाण्याचा प्रश्न उभा होता. १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधील एक्झिटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन या अभियंत्याने बंद ‘सेप्टिक टँक’ बांधला आणि त्यातून निघणाऱ्या वायूवर दिवे लावून दाखवले. हीच कल्पना लगेच मुंबईत आली. ती आली कुठे, तर समाजाने बाहेर काढलेल्यांच्या आश्रमात.

मुंबईचे त्या वेळचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० साली माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम सुरू झाला. (हे तेच ॲकवर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे जमवून १८९१ साली छापले. त्यांच्या नावाचे रुग्णालय वडाळ्याला आहे. एकाच माणसाला पोवाडे आणि मलनिस्सारण या दोहोंत रस असावा, हे आम्हाला फार आवडते.) या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाक्यांना वायू गोळा करण्याची सोय केली गेली. त्या वायूवर दिवे लागले आणि पुढे गॅस इंजिनही चालले. पुष्कळ पुस्तकांत व लेखांत ‘मुंबईत १८५९ साली कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत पहिले बायोगॅस संयंत्र’ असे वाक्य आढळते, आणि ते एकमेकांवरून उतरवले जाते. माटुंग्याचा आश्रमच १८९० चा असेल तर तेथील संयंत्र १८५९ चे कसे असेल? हे वाक्य वर्गात सांगण्यापूर्वी शिक्षकांनी थांबावे. १८९७ हे सालही अभिमान वाटावा इतके जुने आहे.

महत्त्वाची गोष्ट सालाची नाहीच. चुलीसाठी गोबरगॅस घरोघर पोहोचण्याच्या अर्धशतकाहून आधी माटुंग्यात या वायूवर इंजिन फिरले होते, ही आहे. आपल्याकडे पुढचे काम मात्र चुलीच्या दिशेने गेले. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत देसाई यांनी १९३९ च्या सुमारास केलेले प्रयोग, जशभाई पटेल यांची तरंगत्या टोपीची रचना, आणि १९६० नंतर खादी ग्रामोद्योग आयोगाने त्या रचनेचा केलेला प्रसार, हा भाग पाठ्यपुस्तकांत येतो, म्हणून इथे लांबवत नाही. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकटे आणि पिठूळ पदार्थ वापरणारे लहान संयंत्र तयार केले. त्याला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. जनावराने खाऊन पचवलेल्या चाऱ्यापेक्षा न पचलेल्या अन्नात ऊर्जा अधिक, हा त्यामागचा साधा विचार होता.

जहाजे आधीपासून कचराच जाळत होती

आता समुद्राकडे वळू. कोळशाच्या जमान्यात जहाजाच्या पोटात भट्टीपाशी कोळशाचे कोठार असे, त्याला बंकर म्हणत. कोळसा गेला, तरी जहाजाच्या इंधनाला ‘बंकर’ हा शब्द चिकटून राहिला. १९१२ च्या फेब्रुवारीत कोपनहेगनहून ‘सेलांडिया’ नावाचे जहाज बँकॉकच्या प्रवासाला निघाले. महासागर ओलांडणारे ते पहिले मोठे डिझेल जहाज. त्याला नेहमीचे धुराडेच नव्हते, इंजिनाचा धूर डोलकाठीतून बाहेर सोडलेला होता. वाटेत लंडनला विन्स्टन चर्चिल यांनी ते पाहिले. ते तेव्हा ब्रिटिश आरमाराचे मंत्री होते आणि आरमार कोळशाकडून तेलाकडे नेण्याचा विचार करत होते.

ज्याच्या नावाचे इंजिन, त्या रुडॉल्फ डिझेलने खनिज तेलावरच भिस्त ठेवली नव्हती. पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनात फ्रान्सच्या ऑटो कंपनीने एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले, आणि ते इतके सुरळीत चालले की पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात आले. वनस्पतींच्या तेलाला इंजिनात भविष्य आहे, असे मत डिझेलने १९१२ साली मांडले. १९१३ च्या सप्टेंबरात अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ या बोटीवरून तो रात्रीत नाहीसा झाला. त्याचा विचार मागे पडण्याला कारण मात्र हा मृत्यू नव्हे. कारण होते भाव. खनिज तेल स्वस्त होते.

आणि त्यातही स्वस्त होता त्याचा गाळ. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जो काळा, दाट, गंधकयुक्त अवशेष उरतो, त्याचे काय करायचे हा तेलशुद्धीकरण कारखान्यांपुढचा जुना प्रश्न. थंडीत तो डांबरासारखा घट्ट होतो, तापवल्याशिवाय नळीतून वाहत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जॉन लँब या अभियंत्याने ‘ऑरिक्युला’ या तेलवाहू जहाजाच्या डिझेल इंजिनात असे जड तेल गाळून, स्वच्छ करून, तापवून वापरता येते हे दाखवले. मग काय! जगभरच्या जहाजांनी हाच रस्ता धरला. सेंद्रिय कचऱ्यावर जहाज चालवण्याची कल्पना आज आपल्याला विलक्षण वाटते, पण जहाजे गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे कचराच जाळत आली आहेत. तो फक्त तेल कारखान्यांचा होता.

त्याची किंमत हवेने मोजली. २०१२ पासून २०१९ अखेरपर्यंत खुल्या समुद्रात जहाजाच्या तेलात साडेतीन टक्के गंधक चालत असे, त्याआधी साडेचार टक्के. आपल्या रस्त्यावरच्या ‘बी.एस. सहा’ डिझेलात दहा लाख भागांत फक्त १० भाग गंधक चालते. साडेतीन टक्के म्हणजे दहा लाखांत ३५,०००. म्हणजे साडेतीन हजार पट! गंधक जळून तयार होणारा वायू बंदरांच्या वस्तीत दम्याला आणि पावसात आम्लाला कारण होतो. १ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आली. (काही जहाजमालकांनी तेल न बदलता धुराडे पाण्याने धुण्याची यंत्रे बसवली. हवेतली घाण त्यांतल्या बऱ्याच जहाजांवरून समुद्रात जाते, एवढेच.) गंधक काढले म्हणून कार्बन जात नाही. माणसाने सोडलेल्या हरितगृह वायूंपैकी जवळपास तीन टक्के वाटा जहाजांचा आहे. २०२३ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०५० च्या सुमारास हा वाटा निव्वळ शून्यावर आणण्याचे ठरवले. त्यासाठीची सक्तीची नियमावली मात्र ऑक्टोबर २०२५ च्या लंडनच्या बैठकीत एक वर्षाने पुढे ढकलली गेली.

कुजका मासा आणि लाकडाची दारू

कुजण्यातून मिळणारा मिथेन जहाजापर्यंत नेण्याचे दोन मार्ग पुढे आले. पहिला सरळ: वायू शुद्ध करा, उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रव करा आणि नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या जहाजात भरा. नॉर्वेत २००० सालापासून ‘ग्लुट्रा’ ही फेरीबोट द्रवरूप नैसर्गिक वायूवर धावू लागली होती, त्यामुळे इंजिने तयार होती. स्वीडनमध्ये लिंकशॉपिंगच्या बस जैववायूवर चालत, आणि २००५ साली तिथे जैववायूवर चालणारी आगगाडीही आली. मग २०१८ साली नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमजवळ स्कोग्न येथे मोठे संयंत्र सुरू झाले. त्याचा कच्चा माल म्हणजे सॅमन मत्स्यशेतीतील टाकाऊ मासे आणि शेजारच्या कागद कारखान्याची मळी. त्याच वर्षी हुर्टिग्रुटेन या प्रवासी जहाजांच्या कंपनीने मेलेल्या माशांपासूनच्या वायूवर जहाजे चालवण्याचा मनोदय जाहीर केला, आणि वर्तमानपत्रांना आयता मथळा मिळाला. आमच्या मते यातली शिकण्यासारखी गोष्ट मासे नव्हे, जागा आहे. मासे आणि मळी दोन्ही एकाच ठिकाणी, रोज, टनावारी मिळतात.

दुसरा मार्ग वळणाचा: मिथेनपासून मिथेनॉल बनवा. रॉबर्ट बॉइलने सतराव्या शतकात लाकूड बंद भांड्यात तापवून एक उडून जाणारा द्रव मिळवला होता. द्यूमा आणि पेलिगो यांनी १८३० नंतरच्या दशकात त्याची ओळख पटवून ग्रीक शब्दांवरून जे नाव दिले, त्याचा अर्थच लाकडाची दारू असा होतो. (विषारी दारूकांडाच्या बातम्यांतले मिथेनॉल ते हेच, ही सूचना वर्गात द्यायलाच हवी.) १९२३ पासून जर्मनीत ते कारखान्यात, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्यापासून बनू लागले. आज हे दोन वायू मुख्यतः नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून काढतात. पण मिथेनला आपला जन्म आठवत नाही. तो विहिरीतला असो वा उकिरड्यातला, वाफेबरोबर तापवला की तेच दोन वायू देतो. मिथेनॉल साध्या तापमानाला द्रव असते, त्यामुळे उणे १६२ अंशांचा खटाटोप नको. गैरसोय अशी की त्यात ऊर्जा कमी. तेवढ्याच प्रवासाला जड तेलाच्या सुमारे अडीच पट आकाराची टाकी लागते.

स्वीडनच्या ‘स्टेना जर्मानिका’ या फेरीबोटीचे इंजिन २०१५ साली मिथेनॉलसाठी बदलले गेले. मर्स्क कंपनीचे ‘लॉरा मर्स्क’ हे मात्र मिथेनॉलसाठीच बांधलेले पहिले कंटेनर जहाज. सुरुवातीला उल्लेख केला ते हेच. १७२ मीटर लांबीचे, म्हणजे मालवाहू जहाजांत लहानच. कंपनीच्या संस्थापक घराण्याने १८८६ साली घेतलेली पहिली आगबोटही ‘लॉरा’च होती आणि ती कोळशावर चाले. नव्या लॉराचे नामकरण सप्टेंबर २०२३ मध्ये कोपनहेगनला झाले, ज्या बंदरातून सेलांडिया निघाले त्याच बंदरात.

हिशोब

आता थोडे गणित, कारण त्यावाचून उत्साहाला अर्थ नाही. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर जैववायू मिळतो. एका घनमीटर जैववायूत सुमारे २० मेगाज्यूल ऊर्जा असते, एका किलो जड तेलात ४०. म्हणजे एक किलो तेलाला दोन घनमीटर वायू हवा, आणि दोन घनमीटर वायूला ५० किलो शेण. मोठे कंटेनर जहाज वेगात असताना दिवसाला १५० टन तेल जाळू शकते. त्याऐवजी रोज ७,५०० टन शेण लागेल. एक जनावर दिवसाला १० किलो देते असे धरले तर साडेसात लाख जनावरे, एका जहाजामागे! हे उदाहरण नववीच्या मुलांकडून सोडवून घ्यावे. त्यांना आकडा सांगण्यापेक्षा त्यांनी तो काढलेला बरा.

दुसरे गणित गळतीचे. शंभर वर्षांच्या हिशोबात एक किलो मिथेन हवेत सुटला तर तो सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. उकिरड्यातला मिथेन पकडून जाळण्यात जो फायदा आहे, तो मुख्यतः यातूनच येतो. एरवी तो तसाच सुटला असता. पण काही प्रकारच्या इंजिनांतून सुमारे तीन टक्के मिथेन न जळताच बाहेर पडतो. १०० किलोंतले तीन किलो गुणिले २८ म्हणजे ८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. उरलेले ९७ किलो जळून सुमारे २६६ किलो कार्बन डायऑक्साइड देतात. ती वनस्पतीने नुकतीच हवेतून घेतलेली असल्याने आपण माफ करू. ८४ किलो मात्र माफ करता येत नाहीत. उच्च दाबाच्या दोन-फेरी इंजिनांत ही गळती ०.२ टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा ‘इंधन स्वच्छ’ एवढे म्हणून भागत नाही, ते कोणत्या इंजिनात जाते हेही विचारावे लागते.

तिसरा हिशोब खातेवहीचा. लॉराच्या पहिल्या प्रवासाचे मिथेनॉल अमेरिकेतील कचरा-डेपोंच्या वायूवर आधारलेले होते. पण डेपोतला वायू नैसर्गिक वायूच्या सामाईक नळजाळ्यात शिरतो आणि कारखाना दुसऱ्या टोकाला तेवढाच वायू काढून घेतो. जमा-नावे बरोबर जुळले की प्रमाणपत्र मिळते. जहाजाच्या टाकीतला प्रत्यक्ष रेणू उकिरड्यातला असेलच असे नाही. बँकेत भरलेली नोट आणि काढलेली नोट एकच नसते, तसेच हे, आणि ते गैर नाही. मात्र अशी पद्धत लेखापरीक्षणाइतकीच खरी असते. वापरलेल्या खाद्यतेलाच्या बाबतीत हा प्रश्न टोकदार झाला. २०१९ साली रॉटरडॅमला ‘सीएमए सीजीएम व्हाइट’ या जहाजाने अशा टाकाऊ मालापासूनचे इंधन वापरून पाहिले आणि मागणी वाढू लागली. टाकाऊ तेलाला चांगला भाव मिळू लागला की ताजे पामतेल ‘वापरलेले’ म्हणून विकण्याचा मोह होतो. २०२३ साली युरोपात नेमका हाच संशय व्यक्त झाला. आपल्याकडे तळणाचे तेल किती वेळा वापरावे याची मर्यादा २०१८ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ठरवून दिली (ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपर्यंत). तेही तेल गोळा करून जैवडिझेलकडे वळवण्याचा उपक्रम आहे. पण वड्याच्या कढईतले तेल शेवटी कुठे जाते, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहावे.

जगातील जहाजे वर्षाला सुमारे ३० कोटी टन इंधन जाळतात. ते सगळे मिथेनॉलवर न्यायचे तर ६० कोटी टन लागेल, आणि जगात सर्व कामांसाठी मिळून बनते सुमारे ११ कोटी टन, तेही जवळजवळ सगळे खनिज इंधनापासून. तेव्हा शेणावर पहिला हक्क स्वयंपाकघराचा आहे असे आम्हाला वाटते. ते विखुरलेले असते, त्यात चार-पंचमांश पाणी असते, आणि बंदरापर्यंत ते वाहून नेण्यातच निम्मी कमाई जाईल. जहाजांसाठी शोध घ्यायचा तो स्कोग्नसारख्या, एका जागी साचणाऱ्या कचऱ्याचा.

आणि कचऱ्याच्याही कचऱ्याचा. जैववायूत मिथेनबरोबर ४० टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असते. आजवर वायू शुद्ध करताना ती बहुधा हवेत सोडून दिली जाई. डेन्मार्कमधील कासो येथे मे २०२५ मध्ये एक कारखाना सुरू झाला. तो जैववायू संयंत्रातून वेगळी काढलेली ही कार्बन डायऑक्साइड घेतो, सौर विजेने पाणी फोडून हायड्रोजन मिळवतो आणि दोहोंपासून मिथेनॉल बनवतो. क्षमता वर्षाला ४२,००० टन. त्यातले पहिले काही इंधन ज्या जहाजात भरले गेले, ते होते लॉरा मर्स्क.